अनीलिंगनंतर लूप चौकोनी झाला: कोबाल्टप्रधान मायक्रोवायरचे समस्या निवारण

लक्षण नेहमीचे आहे. रिळावरून काढलेली कोबाल्टप्रधान, काचेचे वेष्टण असलेली अस्फटिकी (अणूंची नियमित मांडणी नसलेली) तार चुंबकीयदृष्ट्या चांगली मऊ असते, म्हणजे तिचे चुंबकन सहज बदलते. हिस्टेरिसिस लूप (क्षेत्र पुढेमागे करताना चुंबकनाचा मिळणारा बंद वक्र) तिरका आणि अरुंद, कोअर्सिव्हिटी (चुंबकन शून्यावर आणायला लागणारे उलटे क्षेत्र) जेमतेम चार-पाच अँपिअर प्रति मीटर (पुढे अँ/मी). आतले ताण निघून जावेत, तार आणखी मऊ व्हावी म्हणून ती ३०० अंश सेल्सिअसला तासभर भट्टीत ठेवली जाते, म्हणजे अनील केली जाते. बाहेर येते ती चौकोनी लूप घेऊन, आणि कोअर्सिव्हिटी दहा-वीस पटींनी वाढलेली. कधी कधी २०० अंशांना पाच मिनिटेही हा फरक दाखवायला पुरतात. सेन्सरसाठी जायंट मॅग्नेटोइम्पीडन्स, म्हणजे जीएमआय (चुंबकीय क्षेत्राने तारेचा प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा अडथळा खूप बदलणे), हवा असेल तर क्षेत्रानुसार या अडथळ्याच्या वक्राचा आकारही बदललेला दिसतो.

बहुतेक जण याचा दोष स्फटिकीकरणाला देतात. ते कारण असण्याची शक्यता कमी आहे. या मिश्रधातूंचे स्फटिकीकरण साधारण ५०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर सुरू होते. ३०० अंशांना तासाभरात ते होत नाही. तार अस्फटिकीच असते, बदललेली असते ती चुंबकनाची सोपी दिशा, म्हणजे ज्या दिशेला ते सहज वळते ती.

असे का होते

तारेतली अ‍ॅनिसोट्रॉपी (चुंबकनाचा ठराविक दिशेकडे असलेला कल) मुख्यतः एका गुणाकारावर ठरते: मॅग्नेटोस्ट्रिक्शन (चुंबकनाबरोबर लांबी बदलण्याचे प्रमाण) गुणिले ताण. अनीलिंगने ताण कमी होतो एवढेच आपण धरून चालतो आणि दुसरा घटक स्थिर मानतो. लोहप्रधान तारेत ते चालून जाते, कारण तिथे मॅग्नेटोस्ट्रिक्शन तीस-चाळीस पीपीएम (दशलक्षात तीस-चाळीस भाग) असते, थोडे इकडेतिकडे झाले तरी चिन्ह बदलत नाही. कोबाल्टप्रधान तारेत थोडेसे लोह मिसळून ते मुद्दाम शून्याजवळ आणलेले असते, ऋण बाजूला, एका पीपीएमच्याही आत. इतक्या जवळून चिन्ह उलटायला फार काही लागत नाही.

ते धनाकडे सरकते याची दोन कारणे. पहिले, मॅग्नेटोस्ट्रिक्शन स्वतः ताणावर अवलंबून असते: दर मेगापास्कल ओढीमागे ते साधारण ०.०००१ पीपीएमने खाली जाते. काचेच्या आतल्या धातूच्या धाग्यात १००० मेगापास्कल ताण गोठलेला असेल तर मूल्य ०.१ पीपीएम खाली ओढलेले असते, आणि ताण सुटला की वर येते. दुसरे आणि सहसा मोठे कारण म्हणजे संरचनेचे शिथिलन. अतिजलद थंड होताना अणूंची जी घाईची मांडणी झाली होती ती उष्णतेने थोडी सावरते, आणि त्याबरोबर मॅग्नेटोस्ट्रिक्शनही बदलते.

आता ताणाकडे पाहू. काच जागेवर असेपर्यंत ताण शून्य होतच नाही. बोरोसिलिकेट काचेचे प्रसरण दर अंशाला ३.३ पीपीएम, धातूचे १२ च्या आसपास. ३०० अंशांना सगळे शिथिल झाले असे मानले तरी थंड होताना धातू काचेपेक्षा जास्त आकसू पाहतो आणि पुन्हा ओढला जातो. काच खूप जाड असेल तर ही ओढ ४०० मेगापास्कलच्या जवळ जाते. धागा २० मायक्रॉन आणि काचेसह व्यास २५ मायक्रॉन असेल तर सुमारे ७० मेगापास्कल उरते.

मॅग्नेटोस्ट्रिक्शन ऋण असताना अक्षीय ओढ चुंबकनाला परिघाच्या दिशेला ढकलते, म्हणून मूळ लूप तिरका. तेच धन झाले की तीच ओढ चुंबकनाला अक्षावर आणून बसवते. मॅग्नेटोस्ट्रिक्शन अधिक ०.२ पीपीएम, ताण ७० मेगापास्कल आणि संपृक्त चुंबकन ०.८ टेस्ला धरा: अ‍ॅनिसोट्रॉपी क्षेत्र (हा कल मोडून चुंबकन वळवायला लागणारे क्षेत्र: तीन गुणिले मॅग्नेटोस्ट्रिक्शन गुणिले ताण, भागिले संपृक्त चुंबकन) सुमारे ५० अँ/मी येते. कोअर्सिव्हिटी म्हणजे हेच क्षेत्र नव्हे, पण पाचवरून पन्नास-शंभरापर्यंतची उडी कुठून आली ते यावरून कळते.

आधी ही चाचणी करा: वजन टांगून लूप पाहणे

कोणताही उपाय करण्याआधी मॅग्नेटोस्ट्रिक्शनचे चिन्ह तपासा. यासाठी महागडे उपकरण लागत नाही. १० ते १२ सेंटीमीटर तुकडा पिकअप कॉइलमधून (चुंबकनातला बदल टिपणारी कॉइल) घालून वरचे टोक पक्के करा, खालच्या टोकाला अचुंबकीय वजन टांगा. पितळेचे किंवा शिशाचे वजन चालेल, लोखंडी नट नको. ०, ५, १० आणि २० ग्रॅमला त्याच वारंवारतेने आणि त्याच कमाल क्षेत्राने लूप घ्या.

वजनाबरोबर लूप अधिक तिरका होत गेला तर मॅग्नेटोस्ट्रिक्शन ऋण. अधिक चौकोनी झाला तर धन. फारसा बदललाच नाही तर ते शून्याच्या अगदी जवळ आहे, आणि अशा वेळी दोष ताणात न शोधता खाली सांगितलेल्या भट्टीच्या क्षेत्रात शोधा. मूळ तार आणि अनील केलेली तार, दोन्हींवर चाचणी करा, कारण अर्थ तुलनेतूनच निघतो.

तिरक्या लूपच्या बाबतीत आकडाही मिळतो, कारण लूप जिथे सपाट होतो ते अ‍ॅनिसोट्रॉपी क्षेत्र थेट वाचता येते. दर १०० मेगापास्कलमागे अ‍ॅनिसोट्रॉपी क्षेत्र जेवढे वाढले त्याला संपृक्त चुंबकनाने गुणून तिनाने आणि त्या १०० मेगापास्कलने भागा. १०० मेगापास्कलला ३७ अँ/मी वाढ म्हणजे उणे ०.१ पीपीएम.

इथे ताण काढताना हमखास चूक होते. १० ग्रॅम म्हणजे ०.०९८ न्यूटन. २०/२५ मायक्रॉनच्या तारेत हे बल पूर्ण छेदाने भागले तर २०० मेगापास्कल येतात, फक्त धातूच्या छेदाने भागले तर ३१२. दोन्ही चूक. भार काच आणि धातू वाटून घेतात, आणि धातू साधारण अडीच पट ताठ असतो. म्हणून धातूतला ताण = २.५ गुणिले बल, भागिले (२.५ गुणिले धातूचा छेद अधिक काचेचा छेद). उत्तर २५५ मेगापास्कल. पुढे ताणाखालचे अनीलिंग करायचे असेल तर हाच हिशेब लागतो.

भट्टी स्वतः चुंबकीय क्षेत्र लावते

या कारणाकडे सर्वात कमी लक्ष जाते, म्हणून थोडे विस्ताराने. नळीच्या भट्टीत हीटरची तार नळीभोवती सर्पिल गुंडाळलेली असते, म्हणजे ती सॉलेनॉइडच असते. सेंटीमीटरला दोन वेढे आणि चार अँपिअर प्रवाह म्हणजे आत अक्षीय दिशेने ८०० अँ/मी, ५० हर्ट्झने उलटसुलट. कोबाल्ट-लोह मिश्रणात क्युरी तापमानाच्या (ज्याच्या वर धातू चुंबकीय राहत नाही) खाली क्षेत्र लावून तापवले की अणुजोड्या त्या दिशेला जुळतात आणि अक्षीय अ‍ॅनिसोट्रॉपी कोरली जाते. प्रत्यावर्ती क्षेत्रही हेच करते, कारण चुंबकन अक्षावरच पुढेमागे होत असते. तार ज्या दिशेने जाऊ नये असे वाटते नेमक्या त्याच दिशेला भट्टी तिला नेत असते.

तपासायला सोपे आहे. १ चौरस सेंटीमीटर छेदाची १०० वेढ्यांची कॉइल थंड भट्टीच्या मध्यभागी ठेवा, भट्टी चालू करा आणि कॉइलवरचा प्रत्यावर्ती विद्युतदाब मोजा. ३ मिलिव्होल्ट आले तर क्षेत्र ८०० अँ/मीच्या घरात आहे. कॉइल तापायच्या आत मोजून काढून घ्या. उपाय म्हणजे दुहेरी, उलटसुलट गुंडाळलेला हीटर. तो नसेल तर जाड तांब्याचा किंवा पितळेचा ठोकळा भट्टीबाहेर गरम ठेवून त्यातल्या भोकात तार घालणे. तासभर नाही, पण पाच-दहा मिनिटांच्या प्रक्रियेला त्याचे तापमान पुरेसे टिकते.

पृथ्वीचे क्षेत्रही विसरू नका. आपल्या भागात त्याचा क्षितिजसमांतर घटक सुमारे ३८ मायक्रोटेस्ला, म्हणजे ३० अँ/मी आहे. ज्या तारेची कोअर्सिव्हिटी पाच आहे तिला तो संपृक्ततेकडे नेण्याइतका मोठा आहे. आडव्या भट्टीत तार पूर्व-पश्चिम ठेवा. उभ्या भट्टीत अक्षावर याच्या निम्म्याच्या आसपास क्षेत्र राहते. लूप मोजतानाही हेच लागू. (परक्या क्षेत्रांचा त्रास मुंबईला जुना आहे. विजेच्या ट्रामचा मोजमापांवर परिणाम होईल म्हणून कुलाब्याचे चुंबकीय वेध विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबागला हलवावे लागले.)

उपाय पहिला: प्रवाहाने अनीलिंग

अक्षीय कल नको असेल तर उष्णतेबरोबर परिघीय क्षेत्र द्या. तारेतूनच एकदिश प्रवाह सोडला की दोन्ही एकदम मिळतात. २० मायक्रॉन धाग्यातून ४० मिलिअँपिअर गेले तर पृष्ठभागावर सुमारे ६४० अँ/मी परिघीय क्षेत्र असते, मध्याकडे ते शून्यापर्यंत उतरते. उच्च वारंवारतेच्या जीएमआयला बाहेरचाच थर महत्त्वाचा असल्याने हे आपल्या पथ्यावर पडते.

कुठे बिघडते ते तापमानात. प्रवाहाचा आकडा शोधनिबंधातून उचलून तसाच लावू नका, कारण तापमान व्यासावर, काचेच्या जाडीवर आणि हवेवर अवलंबून असते. तारेच्या रोधावरूनही ते कळत नाही, कारण अस्फटिकी धातूचा रोध तापमानाने फारच थोडा बदलतो. खात्रीची खूण क्युरी बिंदू. त्याच रिळाचा एक तुकडा खर्ची घाला. त्याला पिकअप कॉइलमध्ये ठेवून दोन-तीन हजार अँ/मीचे प्रत्यावर्ती अक्षीय क्षेत्र लावा आणि एकदिश प्रवाह ५-५ मिलिअँपिअरने वाढवत जा. चुंबकनाचा सिग्नल जिथे नाहीसा होतो तो प्रवाह टिपा, तिथे तार क्युरी तापमानाला आहे. हे तापमान मिश्रणानुसार ३०० ते ४०० अंशांच्या दरम्यान असते, पुरवठादाराकडून किंवा थर्मोग्रॅव्हिमेट्रीने (चुंबकाजवळ तापवताना वजनातला बदल मोजून) नक्की करून घ्या.

तापमानातली वाढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते असे धरायला हरकत नाही. समजा ३५० अंश ६० मिलिअँपिअरला आले आणि खोली २५ अंश आहे. मग ४० मिलिअँपिअरला वाढ ३२५ च्या ०.४४ पट, म्हणजे सुमारे १४५ अंश, तार १७० अंशांना. सुरुवात इथून करा: ४० मिलिअँपिअर, दोन मिनिटे, लूप बघा. मग ५ मिलिअँपिअर वाढवा. क्युरी तापमान ओलांडू नका, त्याच्या वर धातू चुंबकीयच उरत नाही, म्हणून क्षेत्र काही कोरत नाही, नुसते शिथिलन होते आणि तार पुन्हा अक्षीय बाजूला झुकते.

एकाच प्रवाहाला दोन तुकडे वेगळे निघतात त्याचे कारण बहुतेक वेळा पंखा किंवा एसीचा झोत. इतकी बारीक तार हवेच्या हालचालीने लगेच थंड होते. तार काचनळीत घाला आणि नळीची तोंडे कापसाने सैल बंद करा. चिमट्यांजवळचा थंड भाग मात्र समजतात तेवढा लांब नसतो, जेमतेम एक मिलिमीटर. तरी दोन्ही टोकांचे पाच मिलिमीटर मापनातून वगळा, कारण तिथली काच काढलेली असते आणि ताण वेगळा असतो.

उपाय दुसरा: ताणाखाली अनीलिंग

वजन टांगून तापवल्यास तार थंड झाल्यावर आत उलटा ताण आणि अक्षाला आडवी अ‍ॅनिसोट्रॉपी राहते. पुरेसा ताण आणि तापमान मिळाले तर अक्षीय कल कमी होतो, लूप परत तिरका होतो. ३०० ते ३५० अंश, १०० ते ३५० मेगापास्कल, अर्धा ते एक तास ही कामाची मर्यादा. आधी कमी ताणाने सुरू करा, कारण तुटण्याची जागा जवळपास नेहमी चिमट्यात असते, तारेच्या मध्यात नव्हे. दोन्ही टोके भट्टीबाहेर ठेवून पितळी खुंटीला तीन-चार वळसे द्या आणि मग चिकटवा. भट्टी उभी असेल तर उत्तम. आडव्या भट्टीत कप्पी लावावी लागते आणि पाच-दहा ग्रॅमच्या वजनात कप्पीचे घर्षण मोठा वाटा खाते.

हा उपाय फसण्याचे कारण एकच असते: तार गरम असतानाच वजन काढले जाते. वजन खोलीच्या तापमानापर्यंत राहू द्या. तसेच नंतर त्याच तापमानाला बिनवजनाने पुन्हा तापवले तर मिळवलेली अ‍ॅनिसोट्रॉपी बरीच पुसली जाते, त्यामुळे सोल्डरिंग, पॉटिंग (सेन्सर राळेत बुडवून बंद करणे), इपॉक्सी पकवणे या पुढच्या टप्प्यांचे तापमान आधीच तपासून घ्या.

आधी बिघडलेली तार या दोन उपायांनी मूळ स्थितीत येत नाही, शिथिलन उलटत नाही. सोपी दिशा मात्र बदलता येते. हातात ताजी तार असेल तर तिच्यावरच सुरुवात करा.

लोहप्रधान तार असेल तर

लोह ७५, बोरॉन ९, सिलिकॉन १२, कार्बन ४ यासारख्या तारेत चौकोनी लूप हा दोष नाही, तो तिचा स्वभाव आहे. साध्या अनीलिंगने ताण उतरून कोअर्सिव्हिटी थोडी घटते, लूप चौकोनीच राहतो. जीएमआय हवा असेल तर ताणाखालचे अनीलिंग हाच खरा मार्ग, आणि इथे तो कोबाल्टप्रधान तारेपेक्षा ठळक परिणाम देतो. बदल्यात ठिसूळपणा लवकर येतो, स्फटिकीकरणाच्या बऱ्याच खाली. प्रत्येक टप्प्यानंतर एक वाया जाणारा तुकडा पेन्सिलीभोवती, मग खिळ्याभोवती वळवून पाहा.

जोडणी आणि मोजमाप यांचे दोष

अनीलिंग बरोबर झाले तरी आकडे चुकीचे येऊ शकतात. काच काढायला टोकाचे दोन-तीन मिलिमीटर चिमट्याने हलके चिरडा आणि बारीक पॉलिश पेपरने साफ करा. हायड्रोफ्लोरिक आम्ल हा पर्याय फक्त त्याची पूर्ण व्यवस्था असलेल्या प्रयोगशाळेसाठी: फ्यूमहूड, योग्य हातमोजे आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल. या आम्लाचा भाजलेपणा सुरुवातीला दुखेलच असे नाही आणि तो आत हाडापर्यंत जाऊ शकतो.

रोझिन फ्लक्सने डाख नीट बसत नाही. झिंक क्लोराइड फ्लक्स वापरला तर नंतर पाण्याने पूर्ण धुवा. सोल्डरिंग आयर्न ३०० अंशांहून गरम असते हे लक्षात ठेवा, म्हणजे जोडाजवळची तार तुमच्या नकळत अनील होते. दोन सेकंदांत जोड करा, किंवा चांदीची पेस्ट वापरा. जोड तपासायला रोध मोजा: २० मायक्रॉनच्या धाग्याचा रोध मीटरला ४.१ किलोओहमच्या आसपास हवा, १० सेंटीमीटरला साधारण ४१५ ओहम. याच मापाने धाग्याचा व्यासही तपासता येतो. एकाच रिळात व्यास बदलत असतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली काचेतून दिसणारा धागा काचेच्या भिंगासारख्या परिणामाने खऱ्यापेक्षा जाड दिसतो, म्हणून रोधावरचा व्यास अधिक भरवशाचा. प्रवाहाने तापवताना रोध अचानक घसरला तर समजा स्फटिकीकरण सुरू झाले, तो तुकडा बाजूला करा.

लूपची कोअर्सिव्हिटी वारंवारता आणि कमाल क्षेत्र यांवर अवलंबून असते, दोन दिवसांचे दोन लूप वेगळ्या मांडणीत घेतले असतील तर त्यांची तुलना करू नका. तुकडा फार आखूड असेल तर टोकांच्या परिणामाने चौकोनी लूपही तिरका दिसतो, आणि अनीलिंग यशस्वी झाल्याचा भास होतो. १० सेंटीमीटर ठेवा.

आणि एक महत्त्वाचे: फक्त लूप पाहून तार फेकू नका. लूप संपूर्ण धाग्याचा असतो, जीएमआय बाहेरच्या थराचा. सापेक्ष पार्यता (निर्वाताच्या तुलनेत पदार्थ किती सहज चुंबकित होतो याचे माप) १००० धरली तर १० मेगाहर्ट्झला प्रवाह पृष्ठभागापासून ५.७ मायक्रॉनपर्यंत जातो, १०० मेगाहर्ट्झला १.८ मायक्रॉनपर्यंत. आतला गाभा अक्षीय झाला तरी बाहेरचे कवच परिघीय राहू शकते, आणि चौकोनी लूपच्या तारेतही चांगला जीएमआय मिळतो. वक्राला शून्य क्षेत्राच्या दोन्ही बाजूंना दोन शिखरे असतील तर त्या थरात परिघीय कल आहे. शून्यावर एकच शिखर असेल तर अक्षीय. तुमच्या सेन्सरच्या वारंवारतेला वक्र मोजा आणि निर्णय त्यावर घ्या.

आठवड्याने आकडे सरकतात

कमी वेळ, कमी तापमानाला अनील केलेल्या तारेत शिथिलन अर्धवट राहते आणि वापरात ते सावकाश चालूच असते. सेन्सर ८५ अंशांपर्यंत चालणार असेल तर अनीलिंगनंतर तार, जोडणीसकट, १०० ते १२० अंशांना रात्रभर ठेवा. आधी आणि नंतर जीएमआय वक्राच्या शिखराचे स्थान मोजा. ते चार-पाच टक्क्यांहून जास्त सरकले तर प्रवाह तोच ठेवून अनीलिंगचा वेळ दुप्पट करा आणि नव्या तुकड्यावर हीच तपासणी पुन्हा लावा.